खाड्याचे दिवस: नको असलेली गर्भधारणा आणि गुप्तरोग टाळण्याची तपशीलवार माहिती

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. दूध घेतलं नाही त्या तारखांना गोल, सिलिंडर लावला त्या दिवशी खूण, आणि कुठल्यातरी चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीक टिंब. ते टिंब म्हणजे पाळीचा पहिला दिवस. घरातल्या दुसऱ्या कुणाला ते कळतही नाही, पण पुढची सगळी माहिती त्याच टिंबावर उभी आहे.

दुधाचा खाडा मांडायची सवय कोल्हापुरात घरोघरी आहे. गर्भनिरोधकांचाही असाच हिशेब असतो. साधन स्वतःहून क्वचित फसतं, फसवतात ते खाड्याचे दिवस. गोळी विसरलेले, इंजेक्शनची तारीख उलटून गेलेले, बाळंतपणानंतर पाळी आली नाही म्हणून निर्धास्त काढलेले, नसबंदीनंतरचे पहिले तीन महिने. शंभर जोडप्यांनी वर्षभर काहीच वापरलं नाही, तर साधारण ८५ जणींना दिवस जातात. कंडोम दर वेळी आणि नीट वापरला तर हा आकडा २ वर येतो, पण लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा वापरला तर १३ वर जातो. रोजच्या गोळीचं तेच. नियमानं घेतली तर १ पेक्षाही कमी, प्रत्यक्षात ७. गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीला मात्र दोन्ही हिशेबांत १ च्या आतच, कारण तिथं खाडा पडायला जागाच नाही. साधन निवडताना "सगळ्यात चांगलं कोणतं" हे विचारण्याआधी "आपल्या घरात, आपल्या कामाच्या वेळांत खाडा कशात पडणार नाही" हे विचारावं.

आधी टिंबाचा हिशेब

बाईचं बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. ते जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतात. म्हणजे मंगळवारच्या संबंधातून शनिवारीही गर्भ राहू शकतो. "सेफ दिवस" पाळणाऱ्यांची गफलत इथंच होते. ज्यांची पाळी न चुकता २६ ते ३२ दिवसांत येते, त्यांनी टिंबाचा दिवस पहिला धरून ८व्या ते १९व्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, संबंध टाळायचे किंवा कंडोम वापरायचा असा नियम आहे. पाळी कधी २४ तर कधी ३८ दिवसांनी येत असेल तर हा मार्ग सोडून द्यावा. ऐनवेळी बाहेर काढण्याच्या भरवशावर राहणाऱ्या शंभरातल्या २० जणींना वर्षात दिवस जातात. त्याला साधन म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

कंडोम: दोन्हीकडचा एकमेव पहारेकरी

गर्भधारणा आणि गुप्तरोग दोन्ही अडवणारं हे एकच साधन. गोळी, इंजेक्शन, कॉपर-टी, नसबंदी यांतलं काहीही रोग अडवत नाही.

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं ते १९२१ साली. त्याला शंभर वर्षं उलटली, तरी मेडिकलच्या काउंटरवर आवाज अजून खालीच जातो. माणूस आधी क्रोसिन मागतो, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि मागचं गिऱ्हाईक गेलं की बोटानं कपाटाकडे दाखवतो. गावातला मेडिकलवाला ओळखीचा असेल तर बाजाराला कोल्हापुरात आल्यावर महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत घ्या, कोण विचारतंय! सरकारी निरोध तर फुकट आहे. आशाताईंकडे, उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मिळतो. बऱ्याच ठिकाणी तो बाहेर पेटीतच ठेवलेला असतो, नाव सांगावं लागत नाही.

आता वापर. पाकिटावरची मुदत वाचा. मग पाकीट अंगठ्यानं दाबा. आत हवेची उशी लागली पाहिजे. पिचकलेलं, चिकट झालेलं किंवा कडक पडलेलं पाकीट टाकून द्या. पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने दबलेला किंवा एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत तापलेला कंडोम मुदतीत असला तरी भरवशाचा नाही. फोडताना आतला कंडोम बोटानं एका कडेला सरकवा आणि दुसऱ्या कडेनं हातानं फाडा. दात आणि कात्री नको.

लिंग पूर्ण ताठ झाल्यावर आणि योनीला स्पर्श व्हायच्या आधी कंडोम चढवायचा. गुंडाळी बाहेरच्या बाजूला आहे ना ते बघा. उलटा लावला तर तो उलगडत नाही. अशा वेळी तोच फिरवून लावू नका, टोकाला स्राव लागलेला असतो. नवीन घ्या. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि चिमूट न सोडता दुसऱ्या हातानं मुळापर्यंत उलगडा. कंडोम फाटतो तो बहुतेक वेळा टोकाला हवा राहिल्यानं किंवा कोरडेपणानं. कोरडं वाटलं की लोकांचा हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, आणि घात होतो तो तिथंच. खोबरेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन, तूप अशा कुठल्याही तेलकट पदार्थानं लेटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं. मेडिकलमध्ये पाण्यावर आधारलेली जेल मिळते, ती वापरा. एकावर एक दोन कंडोम घालू नका. घासून दोन्ही फाटतात.

वीर्य पडल्यावर तसंच पडून राहू नका. ताठरपणा असतानाच कंडोमची कडा मुळाशी बोटांनी धरून बाहेर या. लिंग सैल पडलं की कंडोम आतच निसटतो. गाठ मारा, वर्तमानपत्रात गुंडाळा, घंटागाडीच्या कचऱ्यात टाका. संडासात टाकलात तर पाइप तुंबेल आणि प्लंबरला बोलवायची वेळ येईल. दर वेळी नवा कंडोम, हे सांगायला नकोच.

माला-एन: खाड्याची खरी परीक्षा

माला-एन ही रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि ७ गडद रंगाच्या लोहाच्या. सुरू करण्यापूर्वी एकदा रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, वय ३५ च्या पुढे असून धूम्रपान असेल, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, पूर्वी रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, किंवा अंगावर पाजतं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर ही गोळी नको. मशेरी लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. मशेरी म्हणजे तंबाखूच.

पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतली तर संरक्षण लगेच मिळतं. त्यानंतर सुरू केली, आणि दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल, तर पुढचे ७ दिवस कंडोम लागतो. रोज एकच वेळ धरा. रात्रीच्या जेवणानंतरची बरी, मळमळ कमी होते. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते. २८वी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, अंगावरून जात असलं तरी. बाजारात २१ गोळ्यांचीही पाकिटं असतात. ती संपल्यावर ७ दिवस सुट्टी आणि आठव्या दिवशी नवं पाकीट. सगळ्यात महागात पडतो तो या सुट्टीला जोडून आलेला खाडा. गोळीनं झोपवलेलं बीजाशय त्या सात दिवसांत जागं व्हायच्या बेतात असतं. सुट्टी आठ-नऊ दिवसांची झाली की ते खरोखर जागं होतं.

एक गोळी विसरली तर आठवल्याक्षणी घ्या, पुढची नेहमीच्या वेळी घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी बिघडत नाही. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवेल तेव्हा एक घ्या, पुढच्या रोजच्याप्रमाणे चालू ठेवा आणि ७ दिवस कंडोम वापरा. हा खाडा तिसऱ्या आठवड्यात पडला असेल तर हार्मोनच्या उरलेल्या गोळ्या संपवून लोहाच्या सोडून द्या आणि थेट नवं पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात पडला असेल आणि आधीच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर खाली दिलेली ७२ तासांची गोळी लागते. लोहाची गोळी विसरली तर काही होत नाही.

आपल्याकडचा नेहमीचा घोळ वेगळाच असतो. नवरा पुण्या-मुंबईला नोकरीला, नाहीतर लांब पल्ल्याच्या ट्रकवर. महिन्याला दोन दिवस घरी. बाई विचार करते, "हे नाहीत तर कशाला गोळी?" तो गेला की बंद करते आणि तो येणार त्या दिवशी परत सुरू करते. गोळी अशी काम करत नाही. तिला बीजाशय झोपवायला सलग सात दिवस लागतात. अशा घरात कॉपर-टी किंवा इंजेक्शन बरं, नाहीतर सरळ कंडोम.

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं गोळीचा असर कमी करतात, म्हणून ती चालू असतील तर आधीच सांगा. पहिले दोन-तीन महिने मधूनच डाग लागतात, घाबरू नका. पण एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत कळ, दम लागणं, किंवा दिसायला अंधूक होऊन भयंकर डोकेदुखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

छाया: मटणाच्या वारांची गोळी

छायामध्ये हार्मोन नाही. त्यातलं औषध, सेंटक्रोमन ३० मिलिग्रॅम, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, त्यानंतर आठवड्यातून एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी त्यानंतर तीन दिवसांनी. पाळी रविवारी आली तर रविवार आणि बुधवार हे तुमचे वार. कोल्हापुरात हे दोन वार विसरणं अवघडच, मटणाच्या दुकानापुढची रांगच आठवण करून देते. सोमवारी आली तर सोमवार-गुरुवार, मंगळवारी तर मंगळवार-शुक्रवार, बुधवारी तर बुधवार-शनिवार, गुरुवारी तर गुरुवार-रविवार, शुक्रवारी तर शुक्रवार-सोमवार, शनिवारी तर शनिवार-मंगळवार. चौथ्या महिन्यापासून जोडीतला पहिला वार तेवढा ठेवायचा. पाळीकडे न बघता वार चालू ठेवायचे.

गोळी चुकून सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम वापरा. सात दिवसांहून जास्त खाडा झाला तर पुढच्या पाळीपासून सगळं नव्यानं, पुन्हा तीन महिने दोनदा. छायामुळे पाळी लांबते, हे आधी सांगितलं नाही तर बायका घाबरून गोळी सोडतात. १५ दिवसांपेक्षा जास्त लांबली तर मात्र लघवीची तपासणी करा. बीजाशयात गाठी म्हणजे पीसीओएस असेल, नुकतीच कावीळ झाली असेल किंवा यकृताचा आजार असेल तर छाया नको.

अंतरा

हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं, दंडात किंवा कमरेत. पहिलं इंजेक्शन पाळीच्या पहिल्या सात दिवसांत. त्यानंतर घेतलं तर ७ दिवस कंडोम. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. चोळल्यानं औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. पुढची तारीख कार्डावर लिहून मिळते. तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत चालतं. त्यापुढे गेलं तर आधी दिवस गेले नाहीत याची खात्री करावी लागते.

पाळी अनियमित होते, नंतर बहुधा बंदच होते. "मग आतली घाण कुठं जाणार?" हा सासूबाईंचा ठरलेला प्रश्न. घाण साठत नाही. या औषधानं गर्भाशयाचं अस्तर वाढतच नाही, म्हणून पडायलाही काही नसतं. खरी अडचण वेगळी आहे. बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून ७ ते १० महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असेल तर अंतरा घेऊ नका.

कॉपर-टी

३८० ए जातीची दहा वर्षं चालते, ३७५ जातीची पाच. पाळी सुरू झाल्यापासून १२ दिवसांच्या आत बसवतात. दिवस नाहीत याची खात्री असेल तर कधीही. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर मग सहा आठवड्यांनी. ते ४८ तास साधायचे असतील तर नवव्या महिन्याच्या तपासणीलाच सिस्टरला सांगून कागदावर लिहून घ्या. कळा सुरू झाल्यावर कुणाला काही सुचत नाही.

पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जातं, पोटात दुखतं. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर ते सुधारून घ्या. पहिल्या पाळीनंतर किंवा महिन्यानं एकदा दाखवा. पाळीनंतर हात धुऊन बोटानं दोरे लागतात का बघा. दोरे लागले नाहीत, एकदम लांब लागले किंवा टोचणारं कडक टोक लागलं तर दवाखान्यात जा, तोपर्यंत कंडोम. पाळी चुकली, ताप येऊन ओटीपोट दुखलं, वास येणारा स्राव सुरू झाला, तरीही जा. कॉपर-टी "छातीत चढते" ही निव्वळ बाता. अंगावरून वास येणारं पांढरं जात असेल तर मात्र आधी उपचार, मग कॉपर-टी. काढायची तारीख रेशनकार्डाच्या फाइलीत लिहून ठेवा. दहा वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतंय?

नसबंदी, आणि तालमीतला गैरसमज

बाईची शस्त्रक्रिया पोटातून होते, भूल लागते. पुरुषाची बिनटाक्याची १५-२० मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरीही घरात "तिचंच करून टाकू" ठरतं, कारण पुरुषाच्या कमरेतला जोर जातो ही समजूत. तालमीच्या गावात ही भीती जरा जास्तच खोल. नस कापतात ती फक्त शुक्राणूंची वाट. पुरुषी हार्मोन अंडकोषातून थेट रक्तात जातं, त्या वाटेला कुणी हातही लावत नाही. ताठरपणा, वीर्यपतन, दाढी-मिशा, दंडातली ताकद सगळं तसंच राहतं. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलणं, सायकल आणि जोर-बैठका बंद, एवढंच.

इथला खाडा मात्र मोठा. वाटेत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने कंडोम वापरायचा आणि त्यानंतर वीर्य तपासायचं. शुक्राणू नाहीत असा अहवाल हातात आला की मगच मोकळं. ही तपासणी बरेचजण टाळतात, मग बायकोला दिवस गेले की नको तो संशय घरात शिरतो.

सरकारी नियमानं बाईचं वय २२ ते ४९, पुरुषाचं ६० पर्यंत, आणि एक तरी मूल वर्षाचं झालेलं हवं. जोडीदाराची सही लागत नाही. नळ्या पुन्हा जोडायची शस्त्रक्रिया आहे, पण तिची हमी नाही. म्हणून नसबंदी कायमची समजूनच करा.

बाळंतपणानंतरची फसवी शांतता

माहेराहून बाळंतीण परत येते, पाळी अजून आलेली नसते, आणि पहिली पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस जातात. कारण बीज आधी बाहेर पडतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी. अंगावर पाजण्याचं संरक्षण मिळतं ते तीन गोष्टी एकत्र असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला वरचं काहीच नाही, अगदी घुटी आणि पाणीसुद्धा. बाळ रात्रभर झोपायला लागलं आणि पाजण्याच्या वेळा लांबल्या की हे संरक्षण गेलं. गर्भपातानंतर तर बीज दहा-बारा दिवसांतच बाहेर पडू शकतं.

चूक झालीच तर: ७२ तास

कंडोम फाटला, गोळ्या चुकल्या, काहीच वापरलं नाही किंवा जबरदस्ती झाली, तर लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, ७२ तासांच्या आत. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, आरोग्य केंद्रात 'ईझी पिल' नावानं. जितकी लवकर तितका उपयोग जास्त, म्हणून "उद्या बघू" नको. दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्या. ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि पुढच्या संबंधांनाही ती पुरत नाही. पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं त्याहून खात्रीचं, शिवाय पुढची काही वर्षं निभतात. महिन्यातून दोन-तीनदा ही गोळी घ्यावी लागत असेल तर तुमचं मूळ साधन बदलायची वेळ आली आहे.

पाळी ठरल्या तारखेच्या आठवडाभर पुढे गेली तर तपासणी. आशाताईंकडे 'निश्चय' किट फुकट असतं. सकाळची पहिली लघवी, किटवर लिहिलेले तेवढे थेंब ड्रॉपरनं टाका, पाच मिनिटं थांबा. दोन रेषा म्हणजे दिवस आहेत, मग दुसरी फिकट का असेना. एकही रेषा उमटली नाही तर किट वाया गेलं. पाळीची तारीखच माहीत नसेल तर त्या संबंधानंतर २१ दिवसांनी तपासा.

दिवस राहिले आणि नको असतील, तर गर्भपात भारतात १९७१ च्या कायद्यानं मान्य आहे. लिंगनिदान हा गुन्हा आहे, गर्भपात नव्हे. या दोहोंची गल्लत अजून होते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. कायद्यात ठरवलेल्या गटांतल्या बायकांना दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. २०२१ च्या दुरुस्तीत "नवरा" या शब्दाच्या जागी "जोडीदार" आला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतचा हक्क दिला. सज्ञान बाईची एकटीची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकांची संमती लागते आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावं लागतं, पण तिनं आणि पालकांनी सांगितलं तर डॉक्टरनं तिचं नाव उघड करायची गरज नाही, असंही त्याच निकालात म्हटलं आहे.

गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत होतो, पण मान्यताप्राप्त डॉक्टरच्या देखरेखीखाली. मित्रानं कुठूनतरी आणलेल्या गोळ्या घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. गोळ्या घेतल्यावर तासाला दोन मोठे पॅड असे सलग दोन तास भिजले, चक्कर आली किंवा दुसऱ्या दिवशीही ताप राहिला तर ताबडतोब रुग्णालय.

परमा, गरमी आणि न दिसणारे

जुन्या लोकांच्या तोंडात दोन शब्द असतात. परमा म्हणजे गनोरिया आणि गरमी म्हणजे सिफिलिस. परमा संबंधानंतर दोन ते सात दिवसांत दिसतो: लघवीला आग, पिवळा पू. बाईला बरेचदा काहीच जाणवत नाही आणि रोग आत नळ्यांपर्यंत पोचतो. क्लॅमिडियाही असाच गुपचूप. पुढं मूल न राहण्याचं कारण म्हणून तो उघडा पडतो.

सगळ्यात लबाड गरमी. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक चट्टा येतो. दुखत नाही, खाजत नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो, "बरं झालं, मलम लागू पडलं." रोग बरा झालेला नसतो, तो रक्तात उतरलेला असतो. मग तळहात-तळपायांवर पुरळ, तेही जातं, आणि वर्षांनी मेंदू-हृदयापर्यंत. गरोदर बाईकडून बाळाला होतो. रक्ततपासणी साधी आहे आणि पहिल्या टप्प्यात पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन बहुधा पुरतं. दुखणारे पाण्याचे फोड एकत्र आले तर ते नागिणीच्या कुळातलं हर्पिस.

अंगावरून पांढरं जाणं प्रत्येक वेळी रोग नसतो. पाण्यासारखं, बिनवासाचं, पाळीच्या मधल्या दिवसांत वाढणारं ठीक. दह्याच्या गुठळ्यांसारखं आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. ती संबंधांशिवायही होते, मधुमेहात जास्त. हिरवट-पिवळं, फेसाळ, वास मारणारं असेल तर तपासणी. धुपणी म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढणं हीच आपल्याकडची खरी खोड.

औषध सरकारी रुग्णालयाच्या गुप्तरोग विभागात मोफत मिळतं. कोल्हापूर शहरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, इचलकरंजीत आयजीएम रुग्णालय, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. लग्नाआधीच्या पोरापोरींना विचारायला लाज वाटत असेल तर सरकारी रुग्णालयांतली 'मैत्री' क्लिनिकं त्याचसाठी आहेत. रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूकडे जाऊ नका, आणि मेडिकलमधून दोन कॅप्सूल घेऊन आग थांबली की सोडूही नका. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यायचं आणि डोस संपल्यावर सात दिवस संबंध टाळायचे. नवऱ्यानं एकट्यानं घेतलं तर बायकोकडून परत त्यालाच होतो, आणि हा फेरा महिनोन्‌महिने चालतो.

कंडोम झाकलेल्या जागेपुरतंच राखतो, त्यामुळे हर्पिस आणि एचपीव्ही नावाचा विषाणू कडेनं लागू शकतात. तोंडानं केलेल्या संबंधातूनही परमा, गरमी होतात. एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात सर्वांत उपयोगी. मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. पुण्यात बनलेली सर्व्हाव्हॅक बाजारात आहे. कावीळ-बीची लस लहानपणी घेतली नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांनी असे तीन डोस.

एचआयव्हीसाठीही ७२ हाच आकडा. धोक्याच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांत, प्रतिबंधक गोळ्या सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो, सकाळची वाट बघू नका. बलात्कार झालेल्या व्यक्तीवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयानं मोफत उपचार करायलाच हवेत. त्यासाठी आधी तक्रार नोंदवायची अट नाही.

एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात फुकट होते. समुपदेशक आधी बोलतात, तुमची संमती घेतात, रक्त घेतात, अहवाल बहुधा त्याच दिवशी तुमच्याच हातात देतात. २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे. अहवाल निगेटिव्ह आला की लोक पेढे वाटल्यासारखे निघतात, पण लागण झाल्यावर रक्तात खूण दिसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून त्या संबंधापासून ९० दिवस मोजा, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुसऱ्या रंगाच्या टिंबानं मांडा आणि त्या दिवशी परत रक्त द्या. मधल्या दिवसांत घरच्या जोडीदाराबरोबरही कंडोम.